पालिकेची पाळीव प्राणी सेवा: चार वर्षं वापरली, मग लिहितेय

परवा तळमजल्यावरचे काका लिफ्टपाशी भेटले. त्यांच्याकडे नुकतंच पिल्लू आलंय, साडेतीन महिन्यांचं, आणि त्यांनी मला सरळच विचारलं, "अगं, ते पालिकेचं लायसन्स काढून खरंच काही फायदा असतो का, की नुसती फी भरायची आणि बिल्ला घरात पडून राहतो?" तेवढ्यात लिफ्ट आली, माझी चिंगी आत जायला ओढत होती, त्यामुळे मी नुसतं "काढा काका, नक्की काढा" एवढंच म्हणाले. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. काढा हे खरंच आहे, पण काढताना काय बघायचं आणि काढल्यावर काय तपासायचं हे कुणी सांगत नाही, मलाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी एक अख्खी रात्र मी रस्त्यावर रडत काढलीय. म्हणून सविस्तर लिहितेय. कुठली पालिका ते लिहीत नाही, कारण वेगवेगळ्या ठिकाणच्या कुत्रेवाल्यांशी बोलून कळलंय की थोड्याफार फरकाने सेवा याच असतात आणि अडचणीही याच.

आधी मत सांगून टाकते. पाचपैकी साडेतीन स्टार. माणसं पाचाला पाच, रजिस्टर आणि अ‍ॅप दोनच्या वर नाही.

चिंगी चार वर्षांची आहे, रस्त्यावरून घरी आणलेली, जात अशी काही नाही. नोंदणीसाठी मी आधी पोर्टलवरच प्रयत्न केला. फोटो अपलोड केला की "फाइल मोठी आहे", लहान केला की "फोटो अस्पष्ट आहे", आणि जातीच्या यादीत वीस-पंचवीस नावं होती पण मिश्र जातीचा पर्यायच नव्हता, शेवटी अगदी खाली "इतर" सापडलं. ते निवडलं की पुढच्या पानावर "इतर असल्यास तपशील लिहा" यायचं, ते लिहून होईपर्यंत लॉगआउट. तीनदा झालं. चौथ्यांदा मी लॅपटॉप बंद केला आणि कागद घेऊन सरळ ऑफिसात गेले.

तिथे खिडकीवर ज्या ताई होत्या त्यांनी वीस मिनिटांत सगळं करून दिलं. लसीचं सर्टिफिकेट, नसबंदीचं सर्टिफिकेट, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, बस. आणि त्यांनी एक प्रश्न असा विचारला जो पोर्टलवर कुठेच नव्हता, "तुम्ही गावाला गेलात तर हिला कोण बघतं? त्यांचा पण नंबर द्या." दुसरा नंबर, दुसरं नाव. तेव्हा मला ते उगाच वाटलं होतं, आता वाटतं की अख्ख्या फॉर्ममध्ये सगळ्यात कामाचा रकाना तोच. बिल्ला यायला पोर्टलवर सात दिवस लिहिलंय, मला तेवीस दिवस लागले. गोल, पितळेचा, त्यावर नोंदणी क्रमांक आणि पालिकेचा हेल्पलाइन नंबर. मी पाठीमागे माझा मोबाइल नंबर वेगळा कोरून घेतला, तुम्हीही घ्याच. का ते पुढे येईलच.

नोंदणीबरोबरच मायक्रोचिप बसवतात. याबद्दल लोकांचे एवढे गैरसमज आहेत की थोडं थांबून सांगते. पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी मला चिप हातात घेऊन दाखवली, म्हणजे काचेची छोटीशी नळी, तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. जाडसर सुईने ती मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात, भूल लागत नाही, चिंगीने एकदा अंग आक्रसलं आणि संपलं. त्यात बॅटरी नसते. जीपीएस नसतं. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं खरं तर, कारण अर्ध्या लोकांना वाटतं की चिप बसवली की मोबाइलवर कुत्रा कुठे फिरतोय ते दिसेल. तसं काहीही दिसत नाही. चिप नुसती गप्प पडून असते, स्कॅनर जवळ नेला की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि एक १५ आकडी नंबर सांगते. त्यासाठी आयएसओचं ११७८४ आणि ११७८५ असं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि स्कॅनर १३४.२ किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे मानकातली चिप असेल तर दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या दवाखान्यातही तो नंबर वाचता येतो. पण नंबरच! तुमचं नाव, पत्ता, फोन यातलं काही चिपमध्ये नसतं. ते सगळं रजिस्टरमध्ये असतं. रजिस्टर बरोबर असेल तर चिपला अर्थ आहे.

आणि आमचं रजिस्टर बरोबर नव्हतं.

मागच्या वर्षीची गोष्ट आहे, रात्री साडेनऊचा सुमार, अचानक गडगडाट सुरू झाला आणि एक वीज अशी कडाडली की खिडक्या हलल्या. नवरा त्याच क्षणी बाहेरून आला, दार उघडलं आणि चिंगी त्याच्या पायातून निसटून जिन्याने खाली. ती आवाजाला घाबरते हे आम्हाला माहीत होतं, दार लावून घ्यायला हवं होतं, चूक आमची. आम्ही दोघं छत्री न घेताच धावलो. घाबरलेला कुत्रा हाक ऐकत नाही, आपल्या माणसापासूनही पळतो, हे तेव्हा कळलं. मी ओरडत होते "चिंगी, चिंगी" आणि ती एकदा लांबून दिसलीसुद्धा, माझ्याकडे बघितलं आणि उलट्या दिशेने पळाली. रात्री दोनपर्यंत आम्ही सगळ्या गल्ल्या फिरलो. मी भिजून थरथरत होते आणि डोक्यात एकच, हायवे जवळ आहे.

पालिकेच्या हेल्पलाइनला साडेदहाला फोन केला होता. फोन दुसऱ्या रिंगला उचलला, हे मी मुद्दाम लिहितेय, रात्री साडेदहाला दुसऱ्या रिंगला. पलीकडच्या दादाने रंग, उंची, कुठली खूण असं सगळं शांतपणे लिहून घेतलं, म्हणाला, "ताई, पाठलाग करू नका, दिसली तर खाली बसा आणि तिच्याकडे पाठ करा, ती स्वतः येईल. आणि घराच्या दाराशी तिचं अंथरूण ठेवा." अंथरुणाचं आम्हाला सुचलंच नसतं.

चिंगी सापडली पहाटे, आणि सापडली पालिकेच्याच गाडीवाल्यांना, एका बंद दुकानाच्या शटरखाली. त्यांनी तिला केंद्रात नेलं, स्कॅनर फिरवला, चिप वाजली, नंबर आला. नंबर सिस्टीममध्ये टाकला तर "नोंद आढळली नाही". आम्ही नोंदणी केलेली, फी भरलेली, पावती घरात, आणि सिस्टीम म्हणते असा कुत्राच नाही. ती घरी आली ती बिल्ल्याच्या मागे कोरलेल्या माझ्या मोबाइल नंबरामुळे. गाडीवरच्या दादांनी सकाळी सहाला फोन केला, "तुमची मुलगी आमच्याकडे आहे, या." मुलगी म्हणाले. मी तो फोन कधी विसरणार नाही.

नंतर शोध घेतल्यावर कळलं की नोंद करणाऱ्याने १५ आकडे हाताने टाइप केले होते आणि शेवटचे दोन उलटे पडले होते, ८३ चे ३८. एवढंच. पण त्या एवढ्याशा चुकीने अख्खी चिप फुकट गेली होती, आणि आम्हाला दोन वर्षं पत्ताच नव्हता. संताप याचा आला की चिपच्या पाकिटात बारकोडचे स्टिकर येतात, तेच स्कॅन करून नोंद घेतली तर चूक व्हायला जागाच नाही. माझ्या लसीच्या पुस्तिकेत तो स्टिकर चिकटवलेला होता! म्हणजे बरोबर नंबर कागदावर होता, फक्त कुणी ताडून बघितला नाही. दुरुस्तीसाठी मला तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा म्हणाले अर्ज द्या, दुसऱ्यांदा म्हणाले साहेब रजेवर, तिसऱ्यांदा त्याच खिडकीवरच्या ताई भेटल्या आणि त्यांनी उभ्या उभ्या करून दिलं, वर म्हणाल्या, "आता माझ्यासमोरच स्कॅन करून सर्च मारा, तोवर जाऊ नका." म्हणून काका आणि बाकी सगळे, हे लक्षात ठेवा: चिप बसवल्यावर तिथल्या तिथे स्कॅन करायला लावा, आलेला नंबर सिस्टीममध्ये शोधायला लावा, स्क्रीनवर तुमचं नाव आणि चालू फोन नंबर डोळ्यांनी बघा, मगच बाहेर पडा. घर बदललं, नंबर बदलला, कुत्रा दुसऱ्याला दिला तर त्याच आठवड्यात जाऊन बदल करून घ्या. आणि वर्षाकाठी लसीला जाताना चिप पुन्हा स्कॅन करून घ्या, कारण ती कातडीखाली कधीकधी थोडी सरकते, आमची आता डाव्या खांद्याकडे गेलीय, त्यामुळे स्कॅनर एकाच जागी धरून चालत नाही, पाठीवर आणि दोन्ही खांद्यांवरून हळूहळू फिरवावा लागतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ही लिहिताना मला अजून जड जातं. आमच्या चिंगीने एका मुलाला चावलं.

कुरियरवाला मुलगा होता, वीस-एकवीस वर्षांचा असेल. बेल वाजली, माझ्या लेकीने दार उघडलं, चिंगी तिच्या मागे होती. त्याने पार्सल पुढे केलं आणि चिंगीने लेकीच्या बाजूने पुढे येऊन त्याच्या पोटरीला दात लावले. एकच सेकंद. पँट फाटली आणि रक्त आलं. तो मुलगा भिंतीला टेकून उभा, चेहरा पांढराफटक, आणि पहिलं वाक्य काय म्हणाला तर, "ताई, माझ्या अजून बावीस डिलिव्हऱ्या आहेत." मला आजही ते आठवलं की पोटात कालवतं. त्याला दुखत होतं, तो घाबरला होता, आणि त्याला काळजी कामाची होती.

मी परत त्याच हेल्पलाइनला फोन लावला. लपवाव‍ं असं क्षणभर मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू, चिंगीला घेऊन जातील ही भीती होती. पण फोन केला. पलीकडच्या बाईंनी आधी कुत्र्याबद्दल विचारलंच नाही. "जखम नळाखाली धरा, साबण लावा, आणि घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा, फोन चालू ठेवा." रेबीजचा विषाणू लाळेत असतो, आणि साबण त्याला तिथल्या तिथे निकामी करतो, त्यामुळे दवाखान्यात पळण्याआधीचं हे धुणं सगळ्यात मोलाचं. १५ मिनिटं म्हणजे किती जास्त असतात ते धुताना कळतं, दोन मिनिटांतच "झालं की" असं वाटतं. वर कसलाही लेप नाही, पावडर नाही, घट्ट पट्टी नाही. मग लगेच दवाखाना. मी स्वतः त्याला घेऊन गेले, उरलेल्या पार्सलांसाठी त्याच्या ऑफिसला नवऱ्याने फोन केला.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं की चाव्याचे तीन प्रकार धरतात. धडधाकट कातडीला नुसतं चाटलं तर पहिला, रक्त न येता ओरखडा किंवा कातडी नुसती कुरतडली गेली तर दुसरा, आणि दात कातडीच्या आत गेले, रक्त आलं तर तिसरा. तिसऱ्यात लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन नावाचं औषध थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात, कारण लसीने शरीराला स्वतःची ताकद यायला काही दिवस लागतात, तोवरची राखण हे औषध करतं. त्या मुलाला ते दिलं, आणि लसीच्या पुढच्या तारखा लिहून दिल्या. त्यातली एकही तारीख चुकू द्यायची नाही म्हणून मी माझ्या मोबाइलमध्ये त्याचे अलार्म लावले आणि आदल्या संध्याकाळी त्याला फोन करायचे. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, पण लक्षणांच्या आधी वेळेवर उपचार झाले तर जवळपास नेहमीच वाचतो. एवढं साफ चित्र फार थोड्या आजारांचं असतं. आणि तरी जगात वर्षाला अंदाजे ५९,००० माणसं यानेच जातात, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, त्यातल्या ९९ टक्क्यांपर्यंत केसेस कुत्र्यांमुळे, आणि चावे बसणाऱ्यांत मोठा वाटा १५ वर्षांखालच्या मुलांचा. हे वाचल्यापासून "आमचा काही चावत नाही हो" हे वाक्य मी कधी उच्चारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालिकेचे इन्स्पेक्टर घरी आले. मी दार उघडताना रडायच्या बेतात होते. ते आत आले, बसले, चिंगीकडे न बघता आधी कागद मागितले, लसीची तारीख बघितली, चिप स्कॅन केली, आणि म्हणाले, "लस चालू आहे, त्यामुळे हिला केंद्रात न्यायची गरज नाही, दहा दिवस घरातच निरीक्षणाखाली ठेवा, बाहेर नेताना पट्टा आणि तोंडाला जाळी." दहा दिवस का, हे मी विचारलं. कुत्रा किंवा मांजर रेबीजचा विषाणू लाळेतून पसरवायला लागतं ते आजाराच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, त्यानंतर ते थोड्याच दिवसांत मरतं. म्हणजे चावल्यानंतर दहाव्या दिवशी प्राणी ठणठणीत असेल तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं. पण, हे त्यांनी दोनदा सांगितलं, माणसाचे उपचार या दहा दिवसांसाठी थांबवायचे नाहीत, ते लगेच सुरू करायचे, पुढचं डॉक्टर ठरवतील. ते तीनदा आले, पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी. दहाव्या दिवशी रिपोर्टवर सही केली आणि त्याची एक प्रत त्या मुलालाही पाठवली, म्हणजे त्यालाही धीर आला. पालिकेच्या कुठल्याही खात्याकडून मला एवढं नीट काम कधी अनुभवाला आलं नव्हतं.

त्यांनी आमचं घरसुद्धा बघितलं. दाराकडून आत बोट दाखवत म्हणाले, "हिचं अंथरूण इथे दारातच आहे, बेल वाजली की ही पहिली उठते, म्हणजे दार राखणं तुम्हीच हिच्यावर टाकलंय." अंथरूण आतल्या खोलीत हलवलं, दाराच्या आत एक कमरेएवढं छोटं फाटक बसवलं, बेलखाली पाटी लावली आणि लेकीला सांगितलं की चिंगी फाटकाच्या आत असल्याशिवाय दार उघडायचं नाही. त्यानंतर एकही प्रकार झालेला नाही. तो मुलगा आजही याच भागात येतो, पार्सल फाटकावरून देतो, आणि चिंगीचं विचारतो. मला त्याच्या मोठ्या मनाचं अप्रूप वाटतं.

इन्स्पेक्टरांनीच आम्हाला पालिकेच्या ट्रेनिंग वर्गाला पाठवलं, चार रविवार, नोंदणी केलेल्यांना वेगळी फी नाही. मला वाटलं होतं बस-उठ शिकवतील. तर पहिला अख्खा तास कुत्रा बोलतो कसा यावर! शेपूट हलते म्हणजे खूशच आहे असं नाही, ताठ, उंच धरलेली आणि आखूड झटक्यांनी हलणारी शेपूट म्हणजे सावध राहा. खाणं समोर नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, तोंड वळवून डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, एकदम थिजून उभं राहणं, ही सगळी "मला हे नकोय" ची वाक्यं आहेत. आणि गुरगुरल्याबद्दल कधीही ओरडायचं नाही, हे ऐकून मी हादरलेच, कारण आम्ही नेमकं तेच करत आलो होतो. गुरगुर ही त्याची सूचना असते, ती दाबली की कुत्रा शांत होत नाही, फक्त सूचना न देता चावायला शिकतो. मी घरी आल्यावर चिंगीजवळ बसून राहिले कितीतरी वेळ. त्या दिवशी दारात ती आधी गुरगुरली असती, दोन वर्षांपूर्वीची चिंगी गुरगुरली असती.

याच टीमचा शाळेतला तास लेकीच्या वर्गात झाला. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, हात खाली जुळवून, नजर पायाशी. खाली पडलात तर गोटा व्हायचं, गुडघे पोटाशी आणि हात मानेवर. लेक घरी येऊन आठवडाभर झाड होत होती. हा तास प्रत्येक शाळेत दर वर्षी व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं, आत्ता एका शाळेत एकदा होतो आणि मग पत्ता नाही.

बाकीचं पटापट.

लस कॅम्प दर वर्षी २८ सप्टेंबरच्या आसपास असतो, तो जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांची पुण्यतिथी. ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांची लस पहिल्यांदा मिळाली आणि तो वाचला, कॅम्पच्या मंडपात त्याचं पोस्टर लावलेलं होतं, लेकीने उभं राहून सगळं वाचलं. लस चांगली, डॉक्टर चांगले, रांग वाईट. दोन तास उन्हात, पाण्याचं एकच घमेलं, आणि मांजरं न् कुत्री एकाच रांगेत. माझ्या पुढे एक आजी उशीच्या अभ्र्यात मांजर घेऊन उभ्या होत्या, अभ्रा नुसता थरथरत होता, मागून एक भलामोठा कुत्रा हुंगतोय. मांजरांना वेगळी वेळ द्यायला काय हरकत आहे? सकाळी एक तास फक्त मांजरं, एवढंच. हे महत्त्वाचं अशासाठी की एखाद्या भागातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, आणि लोक एकदा रांगेत असे हैराण झाले की पुढच्या वर्षी येतच नाहीत. रस्त्यावरच्या कुत्र्यांना त्याच आठवड्यात टीम जागेवर जाऊन लस देते, ते काम मी पहाटे बघितलंय, जाळी टाकतात, टोचतात, पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात आणि सोडतात, एका मिनिटाच्या आत. त्या लोकांना माझा नमस्कार.

शी उचलायच्या पिशव्यांचे डबे बागेत पाच ठिकाणी लावलेत, त्यातले चार कायम रिकामे. मी घरून नेते, पण ज्यांना निमित्त हवंच असतं त्यांना ते मिळतं. हा नुसता स्वच्छतेचा प्रश्न नाहीये. कुत्र्याच्या पोटात गोल जंत असतील तर शीतून त्यांची अंडी पडतात, ती ताजी असताना बाधत नाहीत, मातीत दोन-चार आठवडे राहिली की बाधणारी होतात आणि मग महिनोन् महिने तिथेच टिकतात, शी पावसाने वाहून गेलेली दिसली तरी. आणि तिथेच बाजूला घसरगुंडीखाली मुलं मातीत हात घालतात. म्हणून लगेच उचलणं आणि जंताचं औषध वेळेवर देणं, दोन्ही हवं. दंडाची पाटी आहे, दंड करताना मी चार वर्षांत कुणाला बघितलं नाही.

भुंकण्याची तक्रार आमच्या शेजारच्या विंगेतल्या एका कुत्र्याबद्दल होती. मी नाही केली, दुसऱ्या कुणी केली, पण मला साक्षीला बोलावलं होतं. पालिकेने आधी तक्रारदाराला चौदा दिवस वही ठेवायला सांगितली, किती वाजता सुरू झालं, किती वेळ, तेव्हा काय चाललं होतं. वहीतून निघालं काय, तर तो फक्त सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा भुंकतो, म्हणजे घरात कुणी नसताना. बिचारा एकटा पडत होता. मालकांना बोलावून समोरासमोर बसवलं, दुपारी फिरवायला एक कॉलेजचा मुलगा ठरला, आणि महिन्याभरात आवाज थांबला. नोटीस नाही, भांडण नाही. हे मला फार आवडलं.

अ‍ॅप मात्र वापरू नका, निदान तातडीचं असेल तर नाहीच. मी पिशव्यांच्या डब्याबद्दल अ‍ॅपवर तक्रार टाकली, सहाव्या दिवशी "निराकरण झाले" असा मेसेज, जाऊन बघितलं तर डबा तसाच रिकामा. परत टाकली, परत निराकरण. तक्रार करणाऱ्याला न विचारता तक्रार बंद करायची ही पद्धत आधी बंद व्हायला हवी, फोटो टाकल्याशिवाय बंद करताच येऊ नये. डब्याचं ठीक आहे, पण उद्या कुणी पिसाळल्यासारख्या कुत्र्याची तक्रार टाकली आणि ती अशीच बंद झाली तर? हेल्पलाइनला फोन करा. फोनवर माणूस असतो, आणि ती माणसं खरंच चांगली आहेत.

दीड स्टार कशाचा कापला ते आता कळलं असेल. रजिस्टरची चूक दुरुस्त झाल्यावर मी लेखी अर्ज दिलाय की सगळ्या जुन्या नोंदी स्टिकरच्या बारकोडशी ताडून बघा, त्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून नाही. दर महिन्याला विचारायला जाते आणि जात राहणार आहे, कारण माझ्यासारखे दोन आकडे आणखी कुणाकुणाचे उलटे पडले असतील.

हे लिहून झाल्यावर काल मी काकांबरोबर स्वतः गेले. पिल्लू त्यांच्या काखेत, बाहेर फक्त दोन कान. डॉक्टर मॅडमनी चिप बसवली, ते कुंईं करून काकांच्या शर्टात तोंड खुपसून बसलं. स्कॅनर फिरवला, काकांनी चष्मा लावून एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मी स्टिकरवर बोट ठेवून ताडत गेले. पंधराच्या पंधरा जुळले. मग खिडकीवरच्या ताईंनी सर्च केलं, काकांचं नाव आलं, पत्ता बरोबर, आणि फोन नंबर त्यांच्या मुलाचा जुना, तीन वर्षांपूर्वी बंद झालेला. काकांनाच आठवत नव्हतं फॉर्मवर तो का लिहिला. तिथेच बदलून घेतला, आणि दुसऱ्या नंबराच्या रकान्यात त्यांनी माझा टाकायला सांगितला.